अस्सलपणाची चुकीची मोजपट्टी

अमेरिकेतील जुन्या धाटणीची, 'रेड सॉस'वाली इटालियन उपाहारगृहे पारखताना 'हे पदार्थ इटलीत मिळतात का?' असे विचारले जाते. आम्हांला हा प्रश्नच गैरलागू वाटतो. १८८० ते १९२४ या काळात दक्षिण इटलीतून लाखो गरीब माणसे अमेरिकेत आली. गावाकडे मांस सणासुदीपुरते. अमेरिकेत ते आवाक्यातले. म्हणून मांसाचे गोळे मोठे झाले आणि स्पॅगेटीच्याच ताटलीत येऊन बसले; वांग्याच्या पार्मिजानात कोंबडी आली; टोमॅटोच्या सॉसला कित्येक घरांत 'ग्रेव्ही' म्हणू लागले. याला भ्रष्ट नक्कल म्हणणे म्हणजे बोलीला अशुद्ध भाषा म्हणणे होय. बोलीची पारख प्रमाणभाषेच्या व्याकरणाने होत नाही. ती बोलणाऱ्यांच्या तोंडी जिवंत आहे का, एवढेच पाहायचे असते.

ब्रुकलिनमधील बॅमॉन्टेज आणि फिलाडेल्फियातील राल्फ्स ही दोन्ही उपाहारगृहे १९०० साली निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या घराण्यातच राहिली. शोधावे ते असे सातत्य: मंद आचेवर शिजलेला सॉस, फॅशनबरोबर न बदललेली पदार्थांची यादी, वस्तीतली नेहमीची गिऱ्हाइके. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ कुणालाही विकत आणता येतात. परंपरा आणता येत नाही.