कायद्याने अपस्माराची अट काढली, पण लग्नाच्या बोलणीत ती अजून का आहे?

जुन्नर असो की आंबेगाव, बाजारात कुणाला फिट आली की गर्दी जमते. कुणी कांदा नाकाला लावतं, कुणी चप्पल. तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणतं, "बाहेरचं असेल." झटका दोन मिनिटांत थांबतो, पण ते वाक्य त्या माणसाला पुढे वर्षानुवर्षं चिकटून राहतं.

अपस्मार म्हणजे नेमकं काय?

मिरगी, फेफरं, आकडी, फिट ही सगळी याच आजाराची नावं. मेंदूच्या पेशींमधले विद्युत संदेश अचानक अनियंत्रित झाले की झटका येतो. तो वेडेपणा नाही आणि संसर्गही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्के लोक झटक्यांशिवाय जगू शकतात.

कायदा काय म्हणत होता?

हा गैरसमज फक्त गावापुरता नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात वेड आणि अपस्मार यांचा उल्लेख एकाच ओळीत होता. वारंवार झटके येणाऱ्याचं लग्न त्या आधारावर रद्द ठरवता येत असे. १९९९ मध्ये संसदेने 'अपस्मार' हा शब्द त्या अटीतून काढला.

लग्नाच्या बोलणीतून मात्र तो गेलेला नाही. म्हणून आजार लपवला जातो, विशेषतः मुलीचा.

लपवण्याची किंमत काय?

सासरी कुणाला कळू नये म्हणून गोळ्या चुकतात किंवा बंद होतात. अपस्माराच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर झटके वाढतात, कधी ते जीवावरही बेततात. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भासाठी धोकादायक असतात. ती गर्भधारणेआधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी लागतात. पण घरात आजाराचं नावच घेता येत नसेल, तर हा सल्ला घ्यायचा कसा?

त्यात अंतराची भर पडते. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून आधी घोडेगाव किंवा मंचर गाठायचं, मेंदूविकारतज्ज्ञासाठी बहुतेकदा पुणे. त्यात एक दिवसाची मजुरी जाते. त्यापेक्षा देवऋषी जवळचा वाटतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं हा मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मग बदल कुठून होतो?

स्वतः अपस्मारासोबत जगलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात 'संवेदना' हा स्वमदत गट उभा केला. तिथे आजार न लपवता लग्न जुळवण्याचं कामही होतं. ठरवतानाच सगळं सांगितलेलं असलं की लग्नानंतर गोळी चोरून घ्यावी लागत नाही.

समोर कुणाला झटका आला तर?

- आसपासच्या टोकदार वस्तू, चूल, विहिरीचा काठ यांपासून माणसाला दूर ठेवा.
- डोक्याखाली मऊ काही द्या, कुशीवर वळवा.
- तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
- घड्याळ पाहा. झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला तर १०८ ला फोन करा.

कांदा आणि चप्पल या यादीत नाहीत. झटका बहुधा आपोआपच थांबतो, म्हणून श्रेय त्यांना मिळतं. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला त्या वेळी गर्दी नको असते, शेजारी बसणारं एक माणूस पुरतं.