करंडक मोजणाऱ्यांसाठी

नाशिक रोडच्या टपरीवर मोबाइलवर फुटबॉलचा सामना पाहणारी पोरं प्रशिक्षक म्हणून ग्वार्डिओला मोठा की अँचेलोटी यावर तावातावाने भांडतात आणि शेवटी करंडक मोजून मोकळी होतात. हिशेब सोपा, पण अपुरा. घरचंच उदाहरण घ्या. गोव्याच्या आर्मांदो कुलासोंनी धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, थोरच कामगिरी. खालिद जमील मात्र 2009 पासून सात हंगाम मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते आणि राष्ट्रीय करंडक एकही नाही. पण बेताच्या पैशांतला तो संघ त्या काळात खालच्या श्रेणीत कधी घसरला नाही. ते क्लब सोडून गेले आणि 2016-17 मध्ये मुंबई एफसी शेवटची येऊन घसरली. त्याच हंगामात जमील यांनी ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून. आणि हा ऐझॉल आदल्या वर्षी घसरलेला, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यावर परत घेतलेला. कुणी म्हणेल, एखाद्या हंगामात नशीबही साथ देतं. आणि करंडकाशिवाय निःपक्ष माप आहे कुठे? नशिबाचं मान्य, म्हणून तर ऐझॉलच्या एका वर्षापेक्षा मुंबईतली सात कोरडी वर्षं मला वजनदार वाटतात. आणि माप आहे: हाती काय होतं, त्यातून काय उभं केलं, माणूस गेल्यावर संघाचं काय झालं. (श्रीमंत क्लबच्या प्रशिक्षकांना हे माप गैरसोयीचं, हे खरं.) माझ्या यादीत जमील कुलासोंच्या शेजारीच बसतात. हेच जमील ऑगस्ट 2025 मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले.