गर्भवतीला उपदेश नको, उसंत हवी

घरात गोड बातमी कळली की होणाऱ्या आईवर सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. चांगले वाच, चांगले ऐक, रडू नकोस, चिडू नकोस, पोटातल्या बाळाला सगळे कळते. अभिमन्यूची गोष्ट तर हमखास ऐकवली जाते. गर्भसंस्काराचे वर्ग आणि पुस्तके यांचाही आता चांगला बाजार झाला आहे. या सगळ्यामागचे गृहीतक एकच: ताण म्हणजे बाईची मनःस्थिती, आणि ती ताळ्यावर ठेवणे तिचेच काम. संशोधन मात्र बाईच्या स्वभावापेक्षा तिच्या परिस्थितीकडे अधिक बघायला सांगते.

गरोदरपणातील तीव्र ताणाचा मुलावर परिणाम होतो, हे आता नाकारता येत नाही. ताणात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. वारेतले एक विकर त्यातला बराचसा भाग निष्प्रभ करते, पण ताण फार आणि दीर्घकाळ असला की हा बांध कमी पडतो, असे अभ्यासक मानतात. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात 1991-92 मध्ये गरोदर असलेल्या हजारो स्त्रियांचा पाठपुरावा झाला. शेवटच्या महिन्यांत सर्वाधिक चिंतेत असलेल्या मातांच्या मुलांत चौथ्या वर्षी वर्तनाच्या आणि भावनिक अडचणी सुमारे दुप्पट आढळल्या. यावर रास्त आक्षेप असा, की चिंताळू आईचे मूल चिंताळू निघाले तर त्यात आनुवंशिकताही असेल. त्याचे उत्तर कॅनडातील क्यूबेकमध्ये सापडते. जानेवारी 1998 मधील हिमवादळात तिथे लाखो घरांची वीज गेली, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे. वादळ कोणाचा स्वभाव बघून येत नाही. त्या वेळी पोटात असलेल्या मुलांच्या बुद्धी आणि भाषेच्या चाचण्या साडेपाचव्या वर्षी घेतल्या, तेव्हा आईला प्रत्यक्ष किती हाल सोसावे लागले होते, त्यानुसार गुणांत फरक पडलेला दिसला. आपण किती अस्वस्थ झालो असे ती सांगत होती, त्यानुसार नाही. माझ्या मते या सगळ्या संशोधनातली हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

याचा अर्थ रोजच्या काळजीने बाळ बिघडते असा मुळीच नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात, निरोगी मातांच्या सौम्य ते मध्यम चिंतेने दोन वर्षांच्या मुलांचे काही बिघडलेले दिसले नाही. उलट ती विकासात किंचित पुढेच होती. 'ताण घेऊ नकोस' हे धाक घातल्यासारखे सांगणे म्हणजे आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक ओझे टाकणे.

आमच्या पनवेलमध्ये हे आधीचे ओझे कुठे आहे? हार्बर लाइनने सीएसएमटीपर्यंत जवळपास दीड तास लोंबकळत जाणाऱ्या नोकरदार स्त्रीपाशी. इमारतींच्या पायाडांखाली घमेली वाहणाऱ्या मजूर बाईपाशी. आणि पोटासाठी वीटभट्ट्यांवर कुटुंबासह स्थलांतर करणाऱ्या कातकरी बाईपाशी. 'आमच्या आज्या शेतात राबून बाळंत झाल्या, काय बिघडले?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून केलेला अभ्यास त्यांनी वाचावा. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो होते, इंग्लंडमधील साउदम्प्टनमध्ये 3.5. आईचे अंगमेहनतीचे काम जितके जास्त, तितके बाळाचे वजन कमी भरत होते. 2017 च्या कायदादुरुस्तीने पगारी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, हे चांगलेच झाले. पण भट्टीवरच्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

आधी रक्तक्षय आणि रक्तदाब बघू द्या, मनाचे लाड नंतर, असे आरोग्य यंत्रणा म्हणेल. तिच्यावर भार आहे, हे खरेच. पण दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी होतेच. तिथेच आणखी दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो: गेल्या महिन्यात सतत उदास वाटले का, कशातच मन लागत नाही असे झाले का? त्याबरोबर घरात मारहाण होते का, हे तिला एकटीला गाठून विचारावे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर 23 टक्के मातांत नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणे होती. त्यांतले एकही सुश्राव्य संगीताने जाणारे नाही. तिथेच पुढे गावातल्या साध्या स्त्रियांना 'सखी' म्हणून शिकवून गरोदर स्त्रियांना आधार देण्याचा प्रयोग झाला. परिणाम माफक होता, पण मानसोपचारतज्ज्ञ नसतानाही काही करता येते, हे त्याने दाखवले. पनवेल महापालिका आणि रायगड जिल्हा परिषदेने आशाताईंना असे प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला द्यावा. घरच्यांनी डोहाळजेवणाचा थाट थोडा कमी केला तरी चालेल. पाण्याचा हंडा आणि रात्रीचा स्वयंपाक तेवढा तिच्याकडून काढून घ्यावा. मन फारच खचले असेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे.