उमेदवारीवाचून उद्योजक

आमच्या विद्यापीठांतून अलीकडे एक नवे व्रत सुरू झाले आहे. ते उन्हाळ्याच्या सुटीत करावयाचे असते आणि त्याचे नाव उद्योजकता-शिबिर. संकल्प सोडताना विद्यार्थ्याने आपली 'कल्पना' सांगायची, पुढे सहा-आठ आठवडे यशस्वी पुरुषांच्या कथा ऐकायच्या आणि उद्यापनाच्या दिवशी भांडवलवाल्यांपुढे उभे राहून दहा मिनिटे इंग्रजीतून बोलायचे. सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्याजवळ निदान गलबत तरी होते. आमच्या ह्या नव्या साधुवाण्याजवळ पडद्यावर दाखवायची चित्रे तेवढी असतात.

तरुणांनी नोकरीचा नाद सोडून धंदा करावा हे तुम्हांला नको आहे काय, असे कोणी विचारील. हवे आहे! नको आहे ते धंद्याचे सोंग. मराठी माणूस धंदा करीत नाही म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या गळा काढला. आता त्याची मुले धंदा करायला निघाली असताना त्यांना धंद्याऐवजी धंद्यावरचे भाषण शिकवून घरी पाठवायचे, हा अपराध लहान नव्हे.

ज्या शिबिराची ही सारी नक्कल चालते ते 2005 सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला भरले. भरविणाऱ्या संस्थेचे नाव वाय कॉम्बिनेटर. त्यात आठ संघ होते आणि त्यांतील दोघा तरुणांनी 'रेडिट' उभे केले. पण ह्या दोघांनी सोबत आणलेली कल्पना निराळीच होती: फोनवरून खाण्याची मागणी नोंदवायची. चालकांनी ती नाकारली, मुले ठेवून घेतली आणि दुसरे काही करा म्हणून सांगितले. मुलांनी मग बसून काम केले. म्हणजे तेथे कल्पना टाकली आणि काम ठेवले. आम्ही नक्कल करताना काम टाकले आणि कल्पना ठेवली!

इतके दूर तरी कशाला जायचे? पवईच्या आय.आय.टी.त विद्यार्थ्यांचा उद्योजकता-कक्ष 1998 पासून आहे आणि नव्या उद्योगांना थारा देणारी 'साइन' ही संस्था 2004 पासून. येथल्याच विद्यार्थ्यांनी 2007 साली 'आयडियाफोर्ज' काढली. तिची मानवरहित विमाने आज उडतात ती भाषणांच्या जोरावर नव्हे. कोणी तरी ती हातांनी जोडली, पाडली आणि पुन्हा जोडली म्हणून.

आणि ह्याच पवईहून साकी विहार रस्त्याने निघाले की चार-पाच किलोमीटरांवर साकीनाका लागतो. खैरानी रोडवर वळा. पत्र्याखालचे गाळे, त्यांत लेथ, प्रेस, शिलाईची यंत्रे, प्लास्टिकचे साचे, भंगाराचे ढीग, दारात उभा टेम्पो. एका गाळ्यात साचा बनतो, दुसऱ्यात त्यातून माल निघतो, तिसऱ्यात त्याला खोके मिळते. उद्योगाचे एवढे मोठे विद्यापीठ पायाशी पसरले असताना आमचा उद्योजकतेचा विद्यार्थी ते पाहतो कोठून? वरून! 2014 साली मेट्रो झाल्यापासून तर रस्त्यावर उतरण्याचीही गरज उरलेली नाही. गार डब्याच्या काचेतून पत्रे दिसतात आणि तीही मागे पडतात.

त्या पत्र्याखाली काय शिकायला मिळेल, असे प्राध्यापकमहाशय विचारतील. पहिली गोष्ट उधारी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने पुरविलेल्या मालाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. पण हा कायदा गिऱ्हाइकापुढे काढला तर पुढची ऑर्डर मिळेल काय, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? ते गाळ्याच्या मालकाला विचारावे लागते. नग किती पैशांना पडला, साचा बिघडला तर कोणाच्या अंगावर, शनिवारी पगार कोठून करायचा, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक नाहीत त्याने शंभर कोटींच्या बाजारपेठेचे आकडे फळ्यावर मांडू नयेत.

दुसरी गोष्ट जोखीम. 'जोखीम घ्या, अपयशाला भिऊ नका' हा शिबिरांचा मंत्र आहे. ठीक! पण जोखीम कोणाची? खैरानी रोडवरील एका फरसाणाच्या कारखान्याला 18 डिसेंबर 2017 रोजी पहाटे आग लागली आणि 12 कामगार मेले. दिवसा काम करायचे तेथेच ते रात्री झोपत. ज्याला उद्या माणसे कामावर ठेवायची आहेत त्याने आपल्या जोखमीचा वाटा कोणाच्या उशाशी जातो, हे भांडवल मागण्याच्या आधी पाहिले पाहिजे. आम्ही गाळ्यांना मंदिर म्हणत नाही. तेथे अंधार आहे, कोंदटपणा आहे, कायद्याची पायमल्लीही आहे. म्हणूनच शिकलेल्या पोराने तेथे जावे.

हे काही परकीय तत्त्वज्ञान नव्हे. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून आमच्या लोकांनी पैसा फंड उभारला आणि 1908 साली तळेगावला काचकारखाना काढला. तेथे माल होई आणि मुलेही तयार होत. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापणारे भाऊराव पाटील त्याआधी ओगल्यांचा काचमाल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते. 'कमवा आणि शिका' हे त्यांना व्यासपीठावर सुचले नाही. ह्या साऱ्याला मराठीत एक साधा शब्द होता, उमेदवारी. आज तो निवडणुकीपुरता उरला आहे!

तेव्हा शिबिरवाल्यांपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. आठांपैकी चार आठवडे विद्यार्थ्याने एखाद्या गाळ्यात उमेदवारी करावी आणि तेथली वही एकदा स्वतः लिहावी. त्याला त्या दिवसांचे विद्यावेतन द्यावे. कारण ज्या मुलाला सुटीत कमावून पुढल्या वर्षाची फी भरायची असते त्याला फुकटचे शिबिर परवडत नाही, आणि मग जोखीम घेण्याचा अधिकार सुखवस्तू घरांचीच मिरास होतो. तिसरी मागणी अशी की शेवटच्या दिवशी परीक्षकांत भांडवलवाल्यांच्या शेजारी दोन गाळेवाले आणि एक टर्नर बसवावा, आणि प्रश्नोत्तरे मराठी-हिंदीत व्हावीत. टर्नरने विचारावे, 'हे बनवणार कोण, आणि त्याला देणार काय?'

ह्या एका प्रश्नाने निम्म्या कल्पना कोसळतील. कोसळू द्यात! उरलेल्या निम्म्यांना साकीनाक्यात गाळा मिळेल. ज्या विद्यापीठाला हे मान्य नसेल त्याने शिबिर खुशाल चालवावे. फक्त त्याला वक्तृत्वस्पर्धा म्हणावे आणि उद्योग हा शब्द जे तो करतात त्यांना परत करावा.