तार तुटली की आधी कोणाची जोडणी?

नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढले की गाड्यांचे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १० जुलै २०१८ रोजी लोकल बंद पडल्या आणि वसईच्या अनेक भागांत वीजही नव्हती. पाणी ओसरून चारपैकी दोनच रूळ मोकळे झाले तर कंट्रोलवाल्यांना ठरवावे लागते, लोकल सोडायची, गुजरातकडची मेल सोडायची की मालगाडी? मालगाडी मागे राहते आणि त्याबद्दल कोणी भांडत नाही.

टेलिफोन-इंटरनेटच्या तारेतही नेमका हाच प्रसंग येतो. फक्त तिथला कंट्रोल आपल्याला दिसत नाही. खोदकामात केबल तुटली की कंपनीच्या राउटर नावाच्या यंत्राला हजारो पत्त्यांचे नवे मार्ग एकामागून एक लिहावे लागतात. पर्यायी मार्ग आधीच आखून ठेवलेला असेल तर वाहतूक सेकंदाच्या विसाव्या भागात वळते, गिऱ्हाइकाला कळतही नाही. नसेल तर यादीत वरचा पत्ता आधी, खालचा मागून. त्याहून मोठी अडचण पुढे येते. उरलेली तार सगळ्यांना पुरत नाही आणि काही माल दारातच टाकून द्यावा लागतो. कोणाचा टाकायचा, हे यंत्रात आधीच भरलेले असते. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबल तुटल्या, तेव्हा हिंदुस्थानची परदेशाकडची निम्म्याच्या आसपास क्षमता गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा केबल तुटल्या.

आपल्या भागाची गोष्ट आणखी नाजूक. दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूल मोजके. म्हणून दोन कंपन्यांची जोडणी घेतली तरी निर्धास्त राहू नये. दोघींच्या तारा एकाच पुलावरून, एकाच नालीतून आल्या असतील तर एका घावात दोन्ही जातात. आम्हाला हे एका चांदरातीला कळले. दुकान भरलेले, गिऱ्हाइकांच्या खात्यातून पैसे गेले, आमच्याकडे आले नाहीत आणि मोबाइलही त्याच वेळी गप्प. विश्वासावर कपडा दिला. सगळ्यांनी पैसे आणून दिले, अल्हम्दुलिल्लाह, एक सोडून.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानात केलेले असे अडकलेले यूपीआय पेमेंट पाच दिवसांत ग्राहकाच्या खात्यात परत जावे, नाहीतर रोज १०० रुपये भरपाई. ग्राहकाची सोय झाली. पण कपडा घेऊन गिऱ्हाईक निघून गेलेले असेल तर दुकानदाराने कोणाकडे पाहायचे? सुरतेहून येणारा ५० हजारांवरचा मालही ई-वे बिल निघाल्याशिवाय हलत नाही.

इमाम गजाली आणि पुढे इमाम शातिबी यांनी माणसाच्या गरजांचे तीन दर्जे सांगितले आहेत: जरूरियात, हाजियात आणि तहसीनियात. ज्यावाचून जीव जातो ते पहिले, ज्यावाचून अडते ते दुसरे, शोभेचे तिसरे. तारेचा क्रमही असाच लावावा, असे आमचे मत आहे. रुग्णवाहिका, दवाखाना, अग्निशमन आधी. त्यांच्या मागोमाग बाजाराचे पैसे आणि बिले. सिनेमा आणि क्रिकेट शेवटी. एका पेमेंटला एका फोटोइतकाही डेटा लागत नाही, म्हणजे त्याला पुढे सोडल्याने कोणाची वाट अडत नाही.

यावर काही जण म्हणतील, जादा पैसे भरा आणि पुढे जा. मोठ्या कंपन्या तसेच करतात. वेगळी लाइन घेतात, करारात दुरुस्तीचे तास लिहून घेतात. टेलरिंगच्या एका मशीनवर घर चालवणाऱ्याने काय भरावे? जुलै २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीचे धोरण मंजूर केले, त्यात पैशाच्या जोरावर एकाची वाट मोकळी आणि दुसऱ्याची बंद करण्यास मनाई आहे, तातडीच्या सेवांना मात्र सूट आहे. क्रम कामाच्या जातीवरून लागावा, खिशावरून नव्हे. अडचण एवढीच की प्रत्येकजण आपल्याच मालावर 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावील. म्हणून ग्राहकाने लावलेली खूण अनेक कंपन्या दारातच पुसून टाकतात आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. खूण बँकेने आणि कंपनीने मिळून लावावी.

तोपर्यंत व्यापारी बंधूंनी एवढे करावे. बाजारातील दहा-वीस दुकानांनी मिळून कंपनीला पत्र द्यावे आणि दोन प्रश्न विचारावेत: तुमची तार कोणत्या पुलावरून येते, आणि ती तुटली तर आमचा नंबर कितवा? उत्तर लेखी मागावे. ज्यांना ते मिळेल त्यांनी त्याची नक्कल या पानाकडे अवश्य पाठवावी.