आरोग्याचा कानमंत्र : फोनचा धसका आणि रक्तदाब

रक्तदाबाच्या रुग्णाला आम्ही डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारतो. मीठ कमी केले का? गोळी चुकली का? फिरायला जाता का? अलीकडे मी त्यात एका प्रश्नाची भर घातली आहे : कोणाचा भलतासलता फोन आला होता का?

हा प्रश्न मला एका निवृत्त शिक्षकांमुळे सुचला. गुरुजींचे वय ६८. कित्येक वर्षे एका गोळीवर त्यांचा रक्तदाब १३०/८० च्या आसपास असे. एके दिवशी तो १८०/११० भरला. झोप नाही, छातीत धडधड, जेवणावरची वासना उडालेली. कार्डिओग्राम ठीक होता. मी गोळी वाढवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. आठवड्याने पुन्हा तोच आकडा. तेव्हा कुठे मी विचारले, "गुरुजी, घरी काही घडले का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

वीस दिवसांपूर्वी त्यांना फोन आला होता. पडद्यावर बँकेचाच नंबर, साठवून ठेवलेले नावही तेच. 'तुमचे खाते काळ्या पैशाच्या गुन्ह्यात सापडले आहे, साहेबांशी बोला, घरात कोणाला सांगाल तर तेही अडकतील.' दोन तास दार लावून बसलेल्या गुरुजींनी सांगितलेल्या खात्यात २ लाख ४० हजार रुपये भरले. "नंबर तर बँकेचाच होता ना, डॉक्टर?" एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

वाचकहो, गोम इथेच आहे. पाकिटावर पाठवणाराचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. पोस्टमन ते तपासत नाही. फोनवर दिसणाऱ्या नंबराचेही तसेच आहे. इंटरनेटवरून केलेल्या फोनवर हवा तो नंबर दाखवण्याची युक्ती भामट्यांना अवगत आहे. परदेशातून येणारे असे बनावट भारतीय नंबरांचे फोन अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पण म्हणून सगळेच भामटे थांबले, असे समजू नये.

आणि शिकलेला माणूस फसतो कसा? भीतीने शरीरात अॅड्रिनॅलिन उसळते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. अशा वेळी मेंदू सुटकेची वाट शोधतो, शांतपणे हिशेब करीत नाही. म्हणूनच भामटा तुम्हाला फोन ठेवू देत नाही. फोन ठेवला की भीती ओसरते आणि विचार सुरू होतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

तेव्हा पथ्य असे :

१) धमकीचा किंवा घाईचा फोन आला की सरळ ठेवून द्या. फोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही.

२) पाणी प्या, दहा मिनिटे बसा, घरातल्या एकाला तरी सांगा. मग पासबुकावरचा नंबर पाहून स्वतः फोन करा किंवा शाखेत जा.

३) ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका.

४) पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

गुरुजींचे ते तास लाजेपायी गेले. "मुलाला काय तोंड दाखवू?" या विचाराने ते वीस दिवस गप्प राहिले. म्हणून घरच्या मंडळींना माझे स्पष्ट सांगणे आहे : फसलेल्या वडिलधाऱ्यांना 'एवढे कसे कळले नाही?' असे विचारू नका. चोरी झालेल्या घराला कोणी मूर्ख म्हणत नाही. मग इथेच का? रागावण्याच्या धाकाने माणूस दुखणे लपवतो, आणि लपवलेले दुखणे बळावते.

त्याच संध्याकाळी मी मुलाला दवाखान्यात बोलावून घेतले. तो रागावला नाही. वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण गुरुजींना झोप लागू लागली आणि महिनाभरात मी वाढवलेली गोळी बंद करता आली. चूक माझीही होती. पहिल्याच दिवशी गोळी लिहिण्याआधी मी दोन मिनिटे विचारपूस करायला हवी होती.