धातू शोधणे हा नुसता छंद आहे काय?

दादा म्हणतो, शेतात यंत्र फिरवून धातू शोधणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. मला नाही पटत. इंग्लंडात स्टॅफर्डशायर भागात २००९ साली टेरी हर्बर्ट यांना असेच यंत्र फिरवताना नांगरलेल्या शेतात सोने सापडले. तलवारीच्या मुठींचे तुकडे, तेराशे वर्षांहून जुने! त्यांनी ते दडवले नाही, सरकारी माणसाला कळवले. मग जाणकारांनी तिथे नीट खणले. सोने म्युझियममध्ये गेले. पैसे त्यांना व शेतमालकाला निम्मे-निम्मे मिळाले. कळवले म्हणून ते मोठे काम झाले, नाहीतर चोरीच की!

मागं मला आमच्या नांगरटीत जुनं नाणं सापडलं. पळत शाळेत आणलं. गुरुजींनी विचारलं, "नेमकं कुठं सापडलं?" मला जागाच सांगता येईना.

— इयत्ता चौथी